गडावरची गाठ न् गाठ

सह्याद्रीची एक सोंड कोकणाकडे उतरता उतरता मध्येच बिथरल्यासारखी ताठ उभी राहते, तिथे धामणगड आहे. फाल्गुन सरत आला होता. त्या दिवशी उजाडलं तेव्हा गडाच्या पूर्वेला, जिथे पहाटे धुकं असायचं, तिथे दारूचा काळा धूर लोंबत होता. महाद्वाराशेजारचा बुरूज रात्रीच्या माऱ्याने कंबरेतून खचला होता, त्याच्या ढिगाऱ्यातून कुणाचा तरी हात कोपरापर्यंत बाहेर आला होता, आणि तो हात झाकायलाही माणसांना सवड नव्हती, कारण खाली फत्तेजंगखानाने रचलेल्या मातीच्या दमदम्यावर तोफा पुन्हा भरल्या जात होत्या. गड लहान, पण खोड जबर! बादशाही फौजेचा हा सरदार दिवाळीनंतर पायथ्याशी येऊन बसला तो होळी उलटली तरी बसलाच होता, आणि वरची मूठभर शिबंदी नाचणीची पेज पिऊन रोज तटावरून त्याच्या नावाने बोंब ठोकत होती.

किल्लेदार रायाजीराव वाघचौरे गेल्या अमावास्येला पडले. गोळा बुरुजाच्या कठड्याला लागला, दगडाची एक कपची उडाली आणि तिने त्यांचा अर्धा चेहरा नेला. त्यांच्या पत्नी जैवंताबाई तेव्हा नववा महिना लागलेल्या. बाईंनी उरलेला चेहरा पागोट्याने झाकला, नवऱ्याच्या कमरेचा गडाच्या किल्ल्यांचा जुडगा सोडून स्वतःच्या कमरेला बांधला, आणि चिता पेटली तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. 'किल्लेदारीण रडली तर शिबंदी रडेल,' एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पोटाला हात लावून तटावर उभ्या दिसल्या, आणि तेव्हापासून गडावरचा एकूण एक गडी त्यांच्यासाठी जीव ओवाळून टाकायला तयार होता. या वेड्या मायेनेच पुढे घात केला.

आता आवजीराव. हे रायाजीरावांचे धाकटे बंधू. तोंडाने गोड, मुजरा लवून करणारे, भावाच्या चितेपुढे गडाबडा लोळलेले. खानाकडून त्यांनी परगण्याच्या देशमुखीचा कौल घेतला होता, हे फक्त त्यांना आणि खानाला ठाऊक. अडचण एकच होती. गडाच्या पश्चिम अंगाला चोरदिंडी होती, एक माणूस वाकून जाईल एवढं दार. तिची किल्ली वहिनींच्या कमरेला. दिंडीवर सोमाजी नाईक आणि त्याचा मुलगा कान्हू यांचा पहारा. सोमाजीला सोन्याने तोलला असता तरी तो फुटला नसता. मग आवजीरावांनी असा विचार केला, की जो लाचेला वश होत नाही तो मायेला वश होतो; आणि आदल्या संध्याकाळी, वहिनींचे दिवस भरले म्हणून, वहिनींनी तेवढ्यापुरत्या उघडायला लावलेल्या दिंडीतून ते स्वतः उतरून पायथ्याच्या वाडीतून गोजाई सुईणीला घेऊन आले. गडावर त्यांचं केवढं कौतुक झालं! वेढ्यातून सुईण आणणारा दीर म्हणजे लक्ष्मणच, असं बायाबापड्या म्हणाल्या.

गोजाईचं वय साठीच्या पुढे. आसपासच्या चार गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, कान्हूसुद्धा. नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, वर चढताना वाटेत खानाची चौकी लागली. शिपाई बसलेले दिसत होते, पण एकानेही हटकलं नाही. गोजाईला वाटलं, सुईण बघून सोडलं असेल. दिंडीच्या आत शिरल्यावर लगेच गड लागत नाही. दोन्ही अंगांना कातळ असलेली अरुंद बोळ चढून जावं लागतं. त्या बोळीच्या माथ्यावर फळ्यांच्या आड छातीएवढाले धोंडे रचून ठेवले होते आणि त्या फळ्या अंबाडीच्या एका जाड दोराने मागच्या खुंटाला आवळल्या होत्या. शत्रू बोळीत शिरला की दोर तोडायचा आणि सगळी रास त्याच्या डोक्यावर सोडायची, अशी ती तजवीज होती. "आजी, वर बघू नका, भोवळ येईल," आवजीराव म्हणाले. मग चालता चालता सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनीसाहेब अडल्या तर मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? सगळं मोकळं करायचं," गोजाई म्हणाली. "घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची. भवताली सगळं बांधलेलं ठेवून बाई मोकळी हुईल व्हय?"

"खरंच की," आवजीराव म्हणाले.

उजाडायच्या सुमारास जैवंताबाईंना कळा सुरू झाल्या.

वाड्याच्या माजघराला लागून बाळंतिणीची खोली. शेगडीत निखारे, ओव्याची धुरी, कोमट तीळतेलाची वाटी. सोमाजी नाइकाची सून तानू पाणी तापवून आणून देत होती. तीही सहा महिन्यांची पोटुशी. खोलीतल्या वाशाला लुगड्याचा पीळ बांधला होता, त्याला धरून जैवंताबाई उकिडव्या बसल्या होत्या, घामाने न्हालेल्या, आणि कळ आली की तोंडात पदराचा बोळा कोंबून डोळे मिटून घेत होत्या. बाहेर तोफ उडाली की जमीन हादरे. आत मात्र चकार शब्द नाही.

गोजाई त्यांच्या कमरेला तेल चोळत होती. तिला हे शांतपण मुळीच आवडलं नाही.

"बाईसाहेब, वराडा."

"वाघचौऱ्यांच्या घरात बायका ओरडत नाहीत."

"मग वाघचौऱ्यांच्या घरात पोरं तोंडातनं होत असतील! अवो, वरचं तोंड मिटलं की खालचं बी मिटतं. म्या चाळीस वर्सं बघतेय. कळ गिळू नगा, तिला वाट द्या."

"तटावर माणसं लढताहेत, गोजाई. माझा आवाज तिथं गेला तर त्यांचे हात गळतील."

गोजाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत मूल अडून बसलं होतं. डोकं खाली होतं, पण पुढे सरकत नव्हतं. "नवऱ्याला बी रडला न्हाईत तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "ते सगळं आत अडलंय. म्या हाय ना हितं. भ्यायचं असंल तर भ्या, रडायचं असंल तर रडा, मला शिव्या द्या. म्या कुटं जात न्हाई." जैवंताबाईंनी बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

सूर्य वर आला, चढला, माथ्याकडे सरकू लागला. कळांचा जोर ओसरायला लागला. बाईंचे ओठ निळसर पडले. अडलेली बाई गळाली की काय होतं ते गोजाईने पाहिलेलं होतं. तेवढ्यात दाराच्या पडद्याआडून आवजीरावांचा आवाज आला, "आजी, वहिनीसाहेबांचं कसं आहे? काही लागलं सवरलं तर हुकूम करा, सारा गड हात जोडून उभा आहे."

आणि गोजाईच्या तोंडून ते शब्द गेले. "सोडा म्हनावं! गडावरची गाठ न् गाठ सोडा, कुलूप न् कुलूप उगडा!"

सुईणीच्या डोक्यात दिंडी कुठून येणार? तिच्या डोक्यात पेट्या होत्या, कोठारं होती, धान्याच्या कणग्या होत्या. तिने बाईंचा अंबाडा सोडला, गळ्यातला ताईत सोडला, निऱ्यांची गाठ सैल केली. मग हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"तो जुडगा नको," जैवंताबाई म्हणाल्या. "तो गडाचा आहे."

"कमरंला गाठ ठेवून कुनी बाळंत झालंय का? देवघरात ठिवते, कुटं पळून न्हाई जात." आणि गोजाईने स्वतःच्या हाताने ती गाठ सोडली आणि जुडगा तानूच्या ओंजळीत दिला. पडद्यापलीकडे तानूपुढे आवजीरावांनी हात पसरला. "दे पोरी. कुलपं उघडायची तर किल्ल्या नकोत का?" धन्याच्या भावाला नाही म्हणायला तानू कोण? तिने दिल्या.

थोड्याच वेळात साऱ्या गडावर एक विलक्षण गोष्ट घडली. कोठीची दारं उघडली, अंबारखान्याची उघडली, बायकांनी वेण्या सोडल्या, गुरांच्या दावणी सोडल्या. आणि आवजीराव आपली दहाबारा विश्वासू माणसं घेऊन पश्चिमेला दिंडीवर गेले. "नाईक," ते गहिवरून म्हणाले, "वहिनीसाहेब अखेरच्या घटका मोजताहेत. सुईण म्हणते, गडावर एकही कुलूप बंद राहिलं, एकाच्याही अंगावर गाठ राहिली, तर बाई आणि मूल दोन्ही जातील."

सोमाजीची बायको पहिल्या बाळंतपणात, कान्हूला जन्म देताना गेली होती. तेव्हा तो मुलूखगिरीवर होता. घरातली पेटी बंद राहिली म्हणून ती गेली, असं तो जन्मभर मानत आला होता. त्याने आवजीरावांच्या हातातली किल्ली घेतली. "बाईसाहेबांसाठी," तो म्हणाला, आणि त्याने दिंडीचं कुलूप काढलं, अडसर काढून भिंतीला टेकवला, कंबरेचा पट्टा सोडला, तलवार पट्ट्यासकट खाली ठेवली. त्याचं बघून कान्हूने सोडला. पहाऱ्यावरच्या एकूण एक गड्याने सोडला. बंदुकांच्या जामग्या, त्या पेटत्या वाती, विझवल्या. धोंड्यांवरच्या पहारेकऱ्याला आवजीरावांनी आधीच महाद्वाराकडे धाडलं होतं. ती राकट, मिशाळ माणसं नि:शस्त्र होऊन, हात जोडून सटवाईचा धावा करत उभी राहिली.

तानू पाण्याची घागर घेऊन खोलीत आली ती डोळे भरून आली. "मावशी, आमच्या ह्यांनी बी पट्टा सोडला," ती म्हणाली. "सगळ्या पहाऱ्यानं सोडला. मामंजींनी दिंडी उगडून दिली, बाईसाहेबांसाठी!"

गोजाईचा हात थांबला. काल संध्याकाळची चौकी तिच्या डोळ्यांपुढे आली. बसलेले शिपाई, त्यांनी मान वर करून आवजीकडे बघितलेलं, आणि पुन्हा खाली घातलेलं. सुईण बघून सोडलं? मेल्यांनी सुईणीकडे बघितलंच नव्हतं!

"बाईसाहेब," ती म्हणाली. "घात झाला. दिरानं दिंडी उगडली. खानाची मानसं नाळंत बसल्याली असनार. माज्या त्वांडानं उगडली त्यानं."

जैवंताबाईंनी तोंडातला बोळा काढून फेकला. "तू जा. सोमाजीला सांग."

"नाईक माजं ऐकंल? त्यानं दिराचं ऐकलं ते तुमच्या नावावर. आनी अडल्या बाईला सोडून सुईन जात नसती."

"मग मला घेऊन चल."

तानू भीतीने मागे सरली. गोजाईने मात्र बाईंच्या पोटावर हात ठेवून पाहिला, क्षणभरच, आणि मान हलवली. चालण्याने मूल सुटतं हेही तिने पाहिलं होतं. "तानू, तू महाद्वाराकडं पळ," ती म्हणाली. "जेवडी मानसं मिळतील तेवडी आन." आणि नाळ कापायचा विळा कमरेला खोचून, जैवंताबाईंचा हात स्वतःच्या मानेभोवती घेऊन ती उन्हात बाहेर पडली. मोकळे केस, सुटलेल्या निऱ्या, पायावरून ओघळणारं रक्तपाणी. किल्लेदारीण दहा पावलं चालायची, कळ आली की गोजाईला मिठी मारून उभी राहायची, पुन्हा चालायची. वाड्यापासून बोळीचा माथा हाकेच्या अंतरावर, पण ती हाक मारायलाही वाटेत कुणी नव्हतं. महाद्वाराकडे खानाने मुद्दाम मोठा हल्ला चढवला होता आणि सारा गड तिकडे धावला होता.

त्या माथ्यावर पोचल्या तेव्हा खाली कत्तल सुरू झाली होती.

आवजीरावांच्या माणसांनी पहिला वार मागून केला. हात जोडलेली माणसं हात सोडायच्या आत कापली गेली. कुणाचा गळा, कुणाची आतडी, कुणी सुटलेल्या पट्ट्याकडे धावताना पाठीत भाला लागून पट्ट्यावरच पालथा. दिंडीतून खानाचे शिपाई वाकून वाकून आत येत होते आणि उभे राहताच तलवारी उपसत होते. बोळ रक्ताने निसरडी झाली होती, जिवंत माणसं मेलेल्यांवरून घसरत होती. फक्त सोमाजी आणि कान्हू अजून उभे होते. सोमाजीच्या हातात दिंडीचा तो लाकडी अडसर होता; त्याने तो फिरवला की एखादं डोकं नारळ फुटावा तसं फुटत होतं. कान्हूच्या हातात कुणाची तरी हिसकलेली तलवार, एक डोळा रक्ताने बुजलेला. बाप-लेक बोळीतून पाऊल पाऊल मागे हटत वर येत होते आणि पुढली गर्दी त्यांना रेटत होती.

जैवंताबाईंनी धोंड्यांच्या मागचा तो अंबाडीचा दोर दोन्ही हातांनी धरला, कारण धरायला दुसरं काही नव्हतंच, आणि त्याच वेळी कळ आली. "वराडा!" गोजाई ओरडली. "आता तरी वराडा!" आणि जैवंताबाई ओरडल्या. नवऱ्याचं पागोटं, ती न रडलेली चिता, ते तटावरचे दिवस, सगळं त्या आवाजात होतं. "सोमाजीऽऽ! तुझी बाई जिती आहे रेऽऽ! फसवलं तुलाऽऽ!"

बोळीतला गोंधळ क्षणभर थबकला. सोमाजीने मान वर केली. मोकळ्या केसांची किल्लेदारीण त्याला दिसली, आणि त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा असा झाला की गोजाईला बघवेना.

"बाईसाहेब!" तो गरजला. "दोर तोडा! आमचा इचार करू नगा! मी उगडली, मीच बुजवतो! तोडा!"

गोजाईने विळा काढला. दोराला लावला. आणि खाली कान्हू वर बघत होता. उशिरा घरी आलेल्या पोराने आईकडे बघावं तसा बघत होता. पायाळू जन्मलेलं ते पोर, आधी पाय आलेले, तिने तासभर घाम गाळून त्याला फिरवून काढलं होतं.

"बाईसाहेब, खाली माजी पोरं हायेत," ती म्हणाली.

"माझीही आहेत," जैवंताबाई दात आवळून म्हणाल्या. "गाठ न् गाठ सोड म्हणालीस ना? एवढी एकच राहिली. तोड, गोजाई!"

जैवंताबाई दोर सोडून शेजारच्या कातळाला टेकल्या आणि गोजाई विळा ओढू लागली. अंबाडीचा ओला पीळ, चिवट. एक पेड तुटला, दुसरा तुटला. तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून आवजीराव चढून आले. तलवार लाल, चेहऱ्यावर तेच गोड हसू, नुसतं तिरपं झालेलं. "वहिनीसाहेब, बाळंतिणीने असं वाऱ्यात उभं राहू नये," ते म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या पोटावर नेम धरून तलवार उगारली.

गोजाईने आपला डावा हात मध्ये घातला. दुसरं काही घालायला नव्हतंच तिच्यापाशी. तलवारीने तिची बोटं नेली, अंगठा तेवढा राहिला. ती किंचाळली, पण उजव्या हाताने विळा ओढतच राहिली, त्या म्हातारीची जिद्द बघा! आणखी एक पेड तुटला. फळ्या करकरल्या. आवजीरावांना कळलं की आता मारण्यापेक्षा दोर सावरणं महत्त्वाचं. बोळीत त्यांची देशमुखी उभी होती. तलवार टाकून त्यांनी दोर पकडला, मनगटाला दोन वेढे दिले, पाय रोवले आणि मागे झुकून ओढून धरला. शेवटचा पेड तुटला तेव्हा ते वेढे सोडवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

धोंड्यांनी आवजीरावांना सोबत नेलं.

तो आवाज महाद्वारापर्यंत गेला. पहिला धोंडा बोळीच्या वळणावर आदळला, तिथून उसळून समोरच्या कातळावर, तिथून माणसांवर, मग सगळेच. ढाली, मनगटं, कवट्या यांच्यात फरक राहिला नाही. खानाचे जे शिपाई दिंडीत वाकलेले होते ते वाकलेलेच दारात ठेचले गेले आणि त्यांच्या आणि दगडांच्या ढिगाने दिंडी बुजली. नाळेत मागे उभे होते ते एकमेकांना ढकलत, कड्यावरून कोसळत खाली पळाले. धूळ वर आली. धुळीखाली कोण कण्हत होतं ते दिसत नव्हतं, आणि थोड्या वेळाने ते कण्हणंही बंद झालं.

गोजाईने पदर फाडून हाताला आवळला. आता तिला रडायला वेळ नव्हता, कारण जैवंताबाई कातळाला पाठ लावून उकिडव्या बसल्या होत्या आणि मुलाचं डोकं आलं होतं. "बस्स, पोरी, बस्स," ती म्हणाली; बाईसाहेब म्हणायचं तिला भानही राहिलं नाही. "आता घाई नगं. आता तूच सांग कवा. तुजं अंग तुला सांगंल." जैवंताबाई पुन्हा ओरडल्या, या वेळी नुसत्याच, कुणाला उद्देशून नाही. आणि त्या धुरळ्यात, एका चांगल्या आणि एका चिंध्या झालेल्या हातावर, मूल आलं.

"काय आहे?" जैवंताबाईंनी विचारलं.

"किल्लेदारीन," गोजाई म्हणाली.

महाद्वारावरची माणसं तानूच्या हाकेने धावत आली तेव्हा त्यांना हे दृश्य दिसलं. त्यांतली निम्मी पुन्हा महाद्वाराकडे पळाली आणि किल्लेदारीण बाळंत झाली हे ओरडत ओरडत अशी तुटून पडली, की खानाच्या लोकांना शिड्यांवरूनच मागे फिरावं लागलं. चैत्र उतरायच्या आत खानाने मोर्चे उठवले. धामणगड जैवंताबाईंच्या नावावर राहिला, आणि त्यांनी पुढे तो कसा राखला ती कथा वेगळी आहे.

बोळीतले धोंडे उपसायला बरेच दिवस लागले. सोमाजी आणि कान्हू एकमेकांना खेटून सापडले. जैवंताबाईंनी दोघांना किल्लेदाराच्या मानाने अग्नी दिला आणि या वेळी त्या सगळ्यांदेखत रडल्या. बाईंचं सोयर फिटल्यावर गोजाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "शब्द माजा व्हता, किल्ली म्या सोडली, दोर म्या तोडला," ती म्हणाली. "मला कड्यावरनं लोटा." जैवंताबाई म्हणाल्या, "तोडायला मी सांगितलं. लोटायचं तर दोघींना लोटावं लागेल, आणि मग या पोरीला पाजणार कोण?" शिक्षा झाली नाही. पण गोजाई वाडीला परतली नाही. ती रोज सकाळी तानूच्या दाराशी जाऊन बसायची. दार रोज बंद असायचं. शेजारणी म्हणायच्या, कशाला जातेस गं म्हातारे, ती पोर तुझं तोंड बघणार नाही. "नगं बघू दे," गोजाई म्हणायची. "दिस भरत आल्यात तिचं."

ज्येष्ठात तानू अडली. शेजारणींनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी घाबरून हात टेकले. तेव्हा आतून तानूचा आवाज आला, "त्या सटवीला आत घ्या."

गोजाई आत गेली. अंगठा आणि थोटकं राहिलेला हात तिने पदराखाली घेतला होता. तानूने तो पदर ओढून काढला.

"लपवतीस? माज्या नवऱ्याला जल्म दिलास आनी त्याच हातानं मारलंस! माज्या सासऱ्याला मारलंस! तुजा वंस बुडंल!"

"बुडू दे," गोजाई तिच्यामागे बसत, तिच्या कमरेला तेल लावत म्हणाली. "आनी बोल."

"मला किल्ली द्यायला लावलीस! माज्या हातानं!" तानूला कळ आली, ती वाकली, आणि कळेतच किंचाळली, "तुजा हात झडो!"

"झडलाय, बाय. ह्यो बग. अशीच बोल, मोट्यानं बोल. खालनं बी जोर लाव."

आणि दिवसभर तानू बोलत होती. तिने गोजाईच्या आईचा उद्धार केला, आजीचा केला, सात पिढ्यांचा केला. तिने सोमाजीला हाका मारल्या, कान्हूला शिव्या दिल्या की पट्टा कशाला सोडलास मेल्या, एवढा शहाणा तू. शेजारणींनी कानांवर हात ठेवले. गोजाईने एकही शब्द अडवला नाही. दर कळेला ती आपला थोटका हात पुढे करायची आणि तानू तो नखं रुतेपर्यंत धरायची, पुन्हा रक्त येईपर्यंत धरायची. संध्याकाळी मुलगा झाला. तो रडला, आणि तानूचा आवाज एकदम बंद पडला.

गोजाईने पोर पुसून तिच्या छातीवर ठेवलं. कपाळ बापाचं होतं. दोघीही बराच वेळ त्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"उद्या येऊ नगंस," शेवटी तानू म्हणाली. तिचा घसा पार बसला होता. "मला तुजं तोंड बगवत न्हाई."

"बरं," गोजाई म्हणाली आणि उठली.

ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मागून पुन्हा तो बसका आवाज आला. "परवा ये. ह्याला न्हाऊ कसं घालायचं ते मला ठावं न्हाई."